हायराइज: मंगळाचा एक अरुंद पट्टा, पुन्हा पुन्हा पाहिलेला

नासाच्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानावर हायराइज नावाचा कॅमेरा आहे. त्याने 2006 पासून काढलेली चित्रे ॲरिझोना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात, डाउनलोड करता येतात आणि श्रेय देऊन वापरता येतात. ही चित्रसेवा मी अनेक वर्षे नियमितपणे वापरत आलो आहे आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. माझे मत आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या ग्रहाची जमीन जवळून न्याहाळण्यासाठी सर्वसामान्य माणसाला उपलब्ध असलेली याहून चांगली सेवा माझ्या माहितीत नाही. मात्र संपूर्ण मंगळ एका नजरेत पाहण्याची इच्छा घेऊन येथे येणाऱ्याला रिकाम्या हाताने परत जावे लागेल. या कॅमेऱ्याची ख्याती त्याच्या बारकाव्यामुळे झाली, आणि तो बारकावा खराच थक्क करणारा आहे. तरीही इतक्या वर्षांच्या वापरानंतर मला त्याहून मोलाची वाटते ती एकच जागा वर्षानुवर्षे, ऋतूमागून ऋतू पाहत राहण्याची त्याची चिकाटी.

चित्र कसे तयार होते हे ठाऊक नसेल तर या सेवेचे गुण आणि उणिवा, दोन्ही नीट कळत नाहीत, म्हणून थोडे कॅमेऱ्याविषयी. हे यान 12 ऑगस्ट 2005 रोजी निघाले आणि 10 मार्च 2006 रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. त्यानंतर सुमारे पाच महिने मंगळाच्या विरळ वातावरणाला घासत घासत त्याने आपली लांबट कक्षा आवळत आणली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात नियमित काम सुरू झाले. यान जमिनीपासून साधारण 250 ते 320 किलोमीटर उंचीवरून जवळपास ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरते आणि सुमारे 112 मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी करते. कॅमेरा म्हणजे खरे पाहता अर्ध्या मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीणच आहे. तिचे नाभीय अंतर 12 मीटर आहे आणि 300 किलोमीटरवरून पाहताना चित्रातील एका पिक्सेलमध्ये जमिनीचा जेमतेम 30 सेंटिमीटरचा तुकडा मावतो. आकार ओळखता येण्यासाठी काही पिक्सेल लागतातच, त्यामुळे साधारण एक मीटरपर्यंतच्या वस्तू ओळखू येतात असे धरून चालावे. मोठ्या टेबलाएवढा दगड दिसतो, हातात मावणारा दिसत नाही.

पण यान स्थिर उभे नसते. त्याच्या खालून जमीन सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगाने सरकत असते, म्हणजे एका पिक्सेलएवढे अंतर ओलांडायला सेकंदाचा सुमारे दहा-तेरा हजारावा भाग पुरतो. मंगळावर पृथ्वीच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी सूर्यप्रकाश पोहोचतो, आणि एवढ्या क्षणभरात पुरेसा उजेड गोळा होणे शक्य नाही. यावर योजलेला उपाय मला फार आवडतो. या कॅमेऱ्याचे संवेदक आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यासारखी अख्खी चौकट एकदम टिपत नाहीत. झाडूने अंगण लोटत जावे तसे ते यानाच्या गतीबरोबर जमीन ओळीओळीने टिपत पुढे जातात, आणि जमिनीची प्रतिमा संवेदकावरून ज्या वेगाने सरकते त्याच वेगाने त्यात साठलेला विद्युतभारही पुढच्या ओळीत सरकवला जातो. अशा 128 ओळींपर्यंतचा उजेड एकमेकांत मिसळून जमिनीची एक ओळ तयार होते. प्रत्येक तुकड्याकडे जणू शंभराहून अधिक वेळा पाहिले जाते, आणि म्हणूनच उतारावरच्या सावलीतही तपशील उरतो. यानाचा अँटेना किंवा सौरपंख हलले तरी त्यांची सूक्ष्म थरथर चित्रात उमटू शकते, त्यामुळे महत्त्वाच्या चित्रांच्या वेळी त्यांची हालचाल थांबवून ठेवली जाते. तीन-चार सेकंदांत सुमारे सहा किलोमीटर रुंद आणि बारा किलोमीटर लांब असा पट्टा टिपून होतो. 20,000 पिक्सेल रुंद आणि 40,000 पिक्सेल लांब, म्हणजे 80 कोटी पिक्सेलचे एक चित्र.

पहिल्यांदा असे चित्र उघडले तेव्हा मी बराच वेळ चुकीच्या पद्धतीने पाहत होतो. संकेतस्थळावर आधी छोटी प्रतिमा दिसते, आणि ती पाहून एक राखाडी पट्टा, दोन-चार विवरे, एखादी घळ एवढेच हाती लागते. खरे चित्र आत आहे. ते जेपेग 2000 या प्रकारात साठवलेले असते, आणि त्याचा लाभ असा की संपूर्ण फाइल न उतरवता आपण ज्या कोपऱ्यात डोकावतो तेवढाच भाग पूर्ण बारकाव्यासह आणता येतो. त्यासाठी हायराइजच्या चमूने हायव्ह्यू नावाची मोफत प्रणाली उपलब्ध करून दिली आहे. नवीन माणसाने तिच्याशिवाय या सेवेबद्दल मत बनवू नये असे मी आग्रहाने म्हणेन. पडद्यावर मावणाऱ्या आकारात चित्र पाहणे आणि त्याच चित्रात एकास एक प्रमाणात उतरून विवराच्या काठावरचे दगड मोजत जाणे, यांत इतके अंतर आहे की दोन्ही अनुभवांना एकच नाव देणे मला योग्य वाटत नाही.

चित्रांची नावे पाहून अनेक जण बिचकतात, पण ती वाचायला शिकणे सोपे आहे. 3 ऑक्टोबर 2006 रोजी काढलेले व्हिक्टोरिया विवराचे प्रसिद्ध चित्र घ्या. त्याचा क्रमांक टीआरए_000873_1780 असा आहे. पहिली तीन अक्षरे मोहिमेचा टप्पा सांगतात, मधली संख्या यानाची कितवी प्रदक्षिणा ते सांगते, आणि शेवटचे चार अंक कक्षेतील जागा, अंशाच्या दहाव्या भागांत. दिवसाच्या बाजूला विषुववृत्त 1800 वर येते, त्यामुळे 1780 म्हणजे विषुववृत्ताच्या दोन अंश दक्षिणेला. एवढे कळले की नुसत्या नावावरून जागा ध्रुवाजवळची आहे की मध्यभागातली, चित्र मोहिमेच्या आरंभीचे आहे की अलीकडचे, हे सांगता येते. त्याच चित्रात विवराच्या काठावर ऑपर्च्युनिटी ही बग्गी ठिपक्यासारखी उभी दिसते. पाऊण किलोमीटर रुंदीच्या खड्ड्याच्या कडेला माणसाने पाठवलेले ते यंत्र पहिल्यांदा स्वतः शोधून काढले, तो क्षण मला अजून आठवतो. बाणाने दाखवलेले चित्र पाहण्याआधी प्रत्येकाने ते एकदा स्वतः शोधावे.

चित्रे वाचताना डोळा फसतो, आणि फसण्याची सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे खड्डा आणि टेकडी यांची अदलाबदल. यानाची कक्षा अशी आखलेली आहे की ते दिवसाच्या बाजूने जाताना खाली नेहमी दुपारचे तीनच्या सुमाराचे वाजलेले असतात. सूर्य पश्चिमेकडे कललेला असतो, म्हणून नकाशाप्रमाणे उत्तर वर ठेवून मांडलेल्या चित्रात विषुववृत्ताच्या आसपास उजेड डावीकडून येतो. आपल्या मेंदूला मात्र उजेड वरून येतो असे गृहीत धरण्याची सवय आहे. नकाशाच्या चौकटीत न बसवलेल्या मूळ चित्रात तर उत्तर वर असेलच असे नाही. प्रत्येक चित्राच्या पानावर सूर्याची दिशा आणि क्षितिजापासूनची त्याची उंची दिलेली असते. चित्राआधी ती माहिती वाचण्याची सवय लावून घेतली तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

रंगांचेही तसेच. रंगीत संवेदक पट्ट्याच्या केवळ मधल्या भागात आहेत, त्यामुळे सहा किलोमीटरच्या राखाडी पट्ट्यात रंग फक्त सव्वा किलोमीटरच्या आसपासच्या चिंचोळ्या भागाला मिळतो. शिवाय कॅमेरा प्रकाशाच्या तीन पट्ट्यांत पाहतो: निळा-हिरवा, लाल आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त. संकेतस्थळावरच्या बऱ्याच रंगीत चित्रांत अवरक्ताला लाल, लालला हिरवा आणि निळ्या-हिरव्याला निळा रंग दिलेला असतो. त्यामुळे काळी बेसाल्टची वाळू गडद निळी दिसते. निळ्या वालुकागिरींचे एखादे सुंदर चित्र पाहून मंगळावर निळी वाळू आहे असा समज करून घेणारे पुष्कळ भेटतात. तो रंग खनिजांमधला फरक डोळ्यांपुढे आणण्यासाठी मुद्दाम ताणलेला आहे, आणि ते काम तो उत्तम करतो. मंगळावर उभे राहिल्यास काय दिसेल हा प्रश्न या चित्रांना विचारू नये.

खोलीचा भास हा या सेवेचा मला सर्वाधिक प्रिय भाग आहे. यान आपल्या कक्षेतून बाजूला 30 अंशांपर्यंत कलू शकते, त्यामुळे एकच जागा दोन वेगळ्या प्रदक्षिणांत दोन कोनांतून टिपता येते. या जोडीवरून लाल-निळ्या चष्म्याने पाहण्याची चित्रे तयार होतात आणि निवडक ठिकाणांसाठी दर मीटरला उंची सांगणारे भूरूपाचे नकाशेही. साधा कागदी चष्मा लावून घळीच्या काठावरून खाली पाहिले की सपाट राखाडी डागांची दरी होते. ज्या उताराकडे आपण सपाट जमीन समजून दुर्लक्ष केले होते तोच खोल कोसळताना दिसतो. मी तर एखादे ठिकाण आवडले की त्याची जोडी उपलब्ध आहे का हे आधी तपासतो.

आता मुख्य मुद्दा. 19 फेब्रुवारी 2008 रोजी उत्तर ध्रुवाजवळच्या एका कड्याचे चित्र घेतले गेले. हेतू होता वसंतात कार्बन डायऑक्साइडचा बर्फ कसा ओसरतो हे पाहण्याचा. त्या चित्रात 700 मीटरहून उंच असलेल्या त्या कड्यावरून दरड कोसळत असताना पकडली गेली, पायथ्याशी उसळलेल्या धुळीच्या ढगासह. दुसऱ्या ग्रहावरची दरड प्रत्यक्ष कोसळताना टिपण्याचा असा योग त्याआधी आला नव्हता. हा योगायोग होता हे खरे, पण तो अशाच कॅमेऱ्याच्या वाट्याला येतो जो त्याच कड्याकडे पुन्हा जातो. नंतरच्या वर्षांतही त्या कड्यांवर वसंतात नजर ठेवली गेली आणि आणखी दरडी सापडल्या.

वालुकागिरींची गोष्ट मला त्याहूनही महत्त्वाची वाटते. मंगळाची हवा इतकी विरळ आहे की तिथल्या वाळूच्या टेकड्या जुन्या काळी तयार होऊन आता जागच्या जागी थिजलेल्या असाव्यात, असा अनेकांचा समज होता. नीली पातेरा येथील वालुकागिरींची काही महिन्यांच्या अंतराने घेतलेली चित्रे एकमेकांवर ठेवून पाहिल्यावर टेकड्या आणि त्यांच्यावरच्या लाटा, दोन्ही सरकत असल्याचे दिसले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे वाहून जाणाऱ्या वाळूचे प्रमाण अंटार्क्टिकातील व्हिक्टोरिया खोऱ्यातल्या वालुकागिरींशी तुलना करण्याजोगे होते. हा शोध एका चित्रातून कधीच लागला नसता. नीली पातेराची जुनी आणि नवी चित्रे तुम्हीही शेजारी शेजारी ठेवून पाहू शकता, आणि वाळूची कड एका दगडाच्या अलीकडून पलीकडे गेलेली पाहताना मंगळ हा जिवंत हवामानाचा ग्रह आहे ही गोष्ट पुस्तकात वाचण्यापेक्षा कितीतरी खोलवर पटते.

याच पुनर्भेटींनी एक मोठा दावाही तपासून घेतला. तीव्र उतारांवर उन्हाळ्यात लांबत जाणाऱ्या आणि थंडीत पुसट होणाऱ्या अर्ध्या मीटरपासून पाच मीटरपर्यंत रुंदीच्या काळसर रेघा या कॅमेऱ्याने दाखवल्या, आणि 2011 मध्ये त्या जगापुढे आल्या. खारे पाणी झिरपत असावे अशी आशा निर्माण झाली. 2015 मध्ये त्या जागी पाणी धरून ठेवणाऱ्या क्षारांच्या खुणा सापडल्याचे जाहीर झाल्यावर ती आणखी बळावली. त्यानंतर 2017 मध्ये उतारांच्या मोजमापांवर आधारलेल्या अभ्यासाने दाखवले की या रेघा सुमारे 27 अंशांहून तीव्र उतारांवरच आढळतात आणि उतार त्याहून सौम्य झाला की थांबतात. कोरडी वाळूही नेमकी अशीच घसरते. पाणी असते तर ते सौम्य उतारावरही पुढे गेले असते. ज्या उंचीच्या नकाशांचा उल्लेख वर केला त्यांच्याच आधाराने हे मोजता आले. मला यात या सेवेचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र दिसते, कारण आशा निर्माण करणारी आणि त्या आशेची परीक्षा घेणारी चित्रे एकाच कॅमेऱ्याने काढली, आणि दोन्ही सर्वांसाठी खुली आहेत.

माणसाने मंगळावर पाठवलेल्या यंत्रांची चित्रे हा सर्वाधिक लोकप्रिय विभाग असल्यास नवल नाही. युरोपच्या मार्स एक्स्प्रेसबरोबर गेलेले ब्रिटिश बीगल 2 हे यान 25 डिसेंबर 2003 रोजी उतरायचे होते, त्याच्याकडून एकही संदेश आला नाही, आणि ते कोसळले असेच मानले जात होते. जानेवारी 2015 मध्ये हायराइजच्या चित्रांवरून जाहीर झाले की ते इसिडिस मैदानावर सुखरूप उतरलेले दिसते, पण त्याच्या सगळ्या सौरपाकळ्या उलगडलेल्या नाहीत. पूर्ण उघडूनही दोन मीटरांहून लहान असलेली ती वस्तू चित्रात अवघ्या काही पिक्सेलची आहे. अकरा वर्षे हरवलेले यान असे सापडणे हृदयाला भिडते, आणि ते शोधणाऱ्यांच्या धीराला मी मनापासून दाद देतो. फिनिक्स हे यान 25 मे 2008 रोजी छत्रीखाली लोंबकळत उतरत असताना टिपले गेले, ते चित्र तर अनेकांनी पाहिले असेल. त्यात ते हाइमडॉल नावाच्या दहा किलोमीटर रुंद विवरात उतरत असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात विवर त्याच्या सुमारे 20 किलोमीटर मागे होते. हायराइज तिरके पाहत होता म्हणून अंतर नाहीसे झाले. चित्र किती खरे असते आणि तरीही किती चुकीचे सांगू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. याच फिनिक्ससाठी आधी निवडलेल्या प्रदेशात हायराइजने मोठमोठे दगड दाखवल्यामुळे उतरण्याची जागा बदलण्यात आली होती, ही गोष्ट त्या चित्राइतकी प्रसिद्ध नाही, पण माझ्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. 2018 च्या ग्रहव्यापी धुळीच्या वादळात ऑपर्च्युनिटी गप्प झाली, आणि त्या सप्टेंबरात हवा थोडी निवळल्यावर दरीच्या उतारावर थांबलेला तिचा ठिपका याच कॅमेऱ्याने दाखवला. ते चित्र मी फार वेळा उघडत नाही.

सेवेचा दुसरा भाग म्हणजे हायविश. जानेवारी 2010 पासून सुरू असलेल्या या सोयीत कोणीही नाव नोंदवून मंगळाच्या नकाशावर एखादी जागा निवडू शकतो आणि तिचे चित्र घ्यावे अशी विनंती, कारणासह, पाठवू शकतो. कारण नीट लिहिणे महत्त्वाचे आहे. ‘सुंदर दिसते’ एवढ्यावर थांबू नये. घळीचा उतार कोणत्या दिशेचा आहे, कमी बारकाव्याच्या चित्रात काय दिसले, जवळून पाहिल्यावर कोणता प्रश्न सुटेल, हे सांगावे. विनंती केली म्हणजे चित्र मिळालेच असे नाही, आणि मिळाले तरी ते महिन्यांनी किंवा वर्षांनी मिळू शकते, कारण यान त्या जागेवरून जाणे, ऋतू योग्य असणे, हवेत धूळ नसणे आणि दुसरे अधिक तातडीचे काम नसणे, एवढे सगळे जुळून यावे लागते. हे ध्यानात ठेवून जो विनंती करील त्याला या सोयीचे महत्त्व कळेल. 7 ऑक्टोबर 2025 रोजी या कॅमेऱ्याने आपले 1,00,000 वे चित्र घेतले. ते सिर्टिस मेजर या प्रदेशातील सपाट माथ्याच्या टेकड्यांचे आणि वालुकागिरींचे होते, आणि ती जागा एका शाळकरी विद्यार्थ्याने हायविशमधून सुचवलेली होती. कोट्यवधी किलोमीटरवरच्या दुर्बिणीला कुठे पाहायचे हे एखाद्या विद्यार्थ्याने सांगावे आणि तिने पाहावे, यापलीकडे मोकळेपणाचा पुरावा काय द्यायचा?

उणिवा सांगणे भाग आहे. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे व्याप्ती. लाखभर चित्रे घेऊनही या कॅमेऱ्याने मंगळाच्या पृष्ठभागाचा अगदी थोडा भाग पाहिला आहे. आपल्याला हवी ती टेकडी बहुधा पट्ट्याच्या बाहेर असते. यात कोणाचा दोष नाही, बारकाव्याची किंमत रुंदीने चुकवावी लागते. मंगळ पृथ्वीपासून साडेपाच कोटी ते चाळीस कोटी किलोमीटर अंतरावर असतो, दूर असताना माहिती पाठवण्याचा वेग खूप घटतो, आणि एवढी मोठी चित्रे त्याच वाटेने यायची असतात. सूर्य मधे आला की दर सव्वीस महिन्यांच्या सुमारास काही आठवडे काम जवळजवळ थांबते. मोठ्या धुळीच्या वादळात तर खाली धुरकट पडद्याशिवाय काही दिसत नाही.

दुसरी उणीव वयाची. संवेदकांच्या 14 संचांपैकी रेड 4 हा मधला संच 2023 च्या उन्हाळ्यात निकामी झाला, त्यामुळे त्यानंतरच्या चित्रांच्या मध्यभागी एक अरुंद रिकामी पट्टी दिसते आणि रंगीत भागही आक्रसला आहे. नवीन माणूस ती पट्टी पाहून चित्र बिघडले आहे असे समजतो. उरलेले संच काम करत आहेत आणि चित्रे तितकीच तीक्ष्ण आहेत, पण नेमकी मधली जागा गेल्यामुळे हळहळ वाटते.

तिसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. हा कॅमेरा मंगळ पाहतो तो सदैव दुपारी तीनच्या सुमाराला. सकाळचे धुके, पहाटे पडून उन्हाबरोबर विरून जाणारे दहिवर, हे त्याच्या वाट्याला येत नाही. युरोपच्या ट्रेस गॅस ऑर्बिटरवरचा कॅसिस हा कॅमेरा वेगवेगळ्या वेळी तीच जमीन पाहू शकतो, आणि म्हणूनच ऑलिम्पस मॉन्ससारख्या थार्सिसच्या ज्वालामुखींच्या माथ्यांवर पहाटे पडणारे पाण्याचे दहिवर त्याच्या चित्रांत सापडले. 2024 मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याचा बारकावा पिक्सेलला साडेचार मीटरच्या आसपास आहे, पण या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडेच होते.

म्हणून ही सेवा एकटी वापरू नये. त्याच यानावरचा सीटीएक्स हा कॅमेरा पिक्सेलला सहा मीटरच्या बारकाव्याने 30 किलोमीटर रुंद पट्टा टिपतो. त्याच्या चित्रांतून जोडलेला जवळजवळ संपूर्ण मंगळाचा अखंड नकाशा एप्रिल 2023 मध्ये खुला झाला. मी आधी त्यात फिरतो, जागा निवडतो आणि मगच हायराइजकडे वळतो. खेड्याचा नकाशा पाहिल्याशिवाय एखाद्या घराच्या उंबऱ्याचे छायाचित्र घेऊन बसण्यात अर्थ नाही. आणि संपूर्ण गोल मंगळ, ध्रुवाची पांढरी टोपी आणि ढगांसह, एका चौकटीत पाहायचा असेल तर मंगळयानाच्या रंगीत कॅमेऱ्याची चित्रे पाहावीत. 24 सप्टेंबर 2014 रोजी मंगळाजवळ पोहोचलेल्या त्या यानाची कक्षा दूरच्या टोकाला सुमारे 77,000 किलोमीटरपर्यंत जात होती, आणि त्या लांबट कक्षेमुळेच सव्वा किलोच्या आसपास वजनाच्या लहानशा कॅमेऱ्याला अख्खी तबकडी एका वेळी टिपता आली. हायराइजला हे जमणार नाही. त्या यानाचा संपर्क 2022 मध्ये तुटला, पण त्याची चित्रे मागे उरली आहेत.

पहिल्यांदा ही सेवा वापरणाऱ्याने कुठून सुरुवात करावी, असे मला अनेकदा विचारतात. मी दक्षिण ध्रुवाकडे बोट दाखवतो. तिथे हिवाळ्यात कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाचा, काही ठिकाणी मीटरभर जाडीपर्यंतचा, अर्धपारदर्शक थर बसतो. वसंतात ऊन त्या थरातून आत शिरते, खालची जमीन तापते, बर्फाचा तळ वायू होऊन कोंडला जातो आणि शेवटी भेगांतून धूळ घेऊन उसळतो. ती धूळ वाऱ्याच्या दिशेने पंख्यांसारखी पसरते, आणि वायूने खाली कोरलेल्या वाटा कोळ्याच्या पायांसारख्या चहूबाजूंना फाकतात. इंका सिटी नावाच्या जागेची एका वसंतातली चित्रे तारखेच्या क्रमाने उघडा. पहिल्या चित्रात पांढरा, निर्मळ पृष्ठभाग दिसेल. पुढच्यात दोन-चार काळे ठिपके, त्यानंतर सगळीकडे एकाच दिशेला झुकलेले पंखे, मग त्यांतले काही पुसट झालेले आणि वाऱ्याने दिशा बदललेली, आणि अखेरीस बर्फ गेल्यावर उघडी जमीन, तिच्यावर कोरलेल्या कोळ्यांसह. त्यानंतर मंगळाच्या पुढच्या वर्षाची, म्हणजे आपल्या जवळपास दोन वर्षांनंतरची, त्याच जागेची चित्रे उघडा आणि तेच कोळी पुन्हा शोधा.